पुस्तक का राहिलं? जुळे सोलापुरातल्या एका घराचं वर्ष

हे प्रकरण जुळे सोलापूर या सोलापूरच्या उपनगरात राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचं आहे. वय ६३. पत्नी माध्यमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त, मुलगी नोकरीनिमित्त पुण्यात. नावं नकोत, एवढीच त्यांची अट होती, म्हणून मी प्रत्यक्षात म्हणते तसं इथेही काका आणि काकूच म्हणते. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. 'घरातली पुस्तकं वाचून होत नाहीत, काहीतरी वेळापत्रक आखून द्या' अशी मागणी घेऊन बरीच माणसं येतात. काका मात्र वेळापत्रक घेऊनच आले होते, तेही कोसळल्यावर.

२०२४ च्या १ जानेवारीला त्यांनी स्वतःच एक तक्ता केला होता. रोज ४० पानं, आठवड्याला एक पुस्तक, वर्षाला ५२. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेला माणूस, तक्ता देखणाच होता. पण सोलापुरात जानेवारीत संकल्प सोडायचा आणि गड्डा विसरायचा, हे काही जमत नाही. गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा. होम मैदानावर पाळणे आणि दुकानं महिनाअखेरपर्यंत. त्या दिवसांत पाहुणा न येणारं घर सोलापुरात शोधून सापडणार नाही. काकांच्या घरी मेहुण्याचं कुटुंब आलं, मग पुण्याहून मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या. तक्त्यात लाल खुणा साचत गेल्या आणि फेब्रुवारीत काकांनी तो कपाटाच्या दारावरून काढून टाकला.

मोजणी

गुढीपाडव्याला, म्हणजे ९ एप्रिलला, नव्यानं सुरुवात करायची ठरलं. त्याआधी वाचायचं काहीच नाही, फक्त मोजायचं. घरात एकूण पुस्तकं हजाराच्या आसपास होती. सुरुवात करून सोडलेलीही 'न वाचलेली' धरली, तेव्हा आकडा ३४० च्या घरात गेला. दिवाळी अंकांचे गठ्ठे वेगळेच.

ही ३४० आली कुठून, हे बघताना मराठी घरांची एक गंमत दिसते. दुकानात जाऊन, चाळून, आवडलं म्हणून घेतलेली पुस्तकं यात फारच थोडी. मोठा वाटा प्रकाशनपूर्व सवलतीचा. आज पैसे भरा, तीन-चार खंडांचा संच निम्म्या किमतीत, सहा महिन्यांनी घरपोच. पैसे भरताना उत्साह असतो. संच येतो तोवर तो ओसरलेला असतो आणि खोकं उघडून पुस्तकं लावून ठेवणं हाच समारंभ होतो. दुसरा वाटा साहित्य संमेलनांचा. २००६ चं ७९ वं संमेलन सोलापुरातच झालं, अध्यक्ष मारुती चितमपल्ली, म्हणजे सोलापुरातच जन्मलेला माणूस. तेव्हा काकांनी दोन्ही हातांत मावणार नाहीत एवढ्या पिशव्या आणल्या होत्या. जानेवारी २०२० मध्ये ९३ वं संमेलन शेजारी उस्मानाबादला (आताचं धाराशिव) झालं. तिथून आणलेली पुस्तकं तर पिशवीसकट लॉफ्टवर होती, किमतीच्या पावत्या आत तशाच. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. वाचायला वेळच वेळ होता खरं तर, पण काकांच्या शब्दांत, "त्या दिवसांत पुस्तक उघडलं तरी कान बाहेरच्या ॲम्ब्युलन्सकडे."

तिसरा वाटा निवृत्ती समारंभाचा. शाल, श्रीफळ, पुस्तक. हार-गुच्छाऐवजी पुस्तक द्यायची पद्धत चांगलीच आहे, तिला नावं ठेवायची नाहीत; पण एकाच गाजलेल्या चरित्राच्या पाच प्रती घरात आल्यावर त्यांचं काय करायचं, हे देणाऱ्यांपैकी कुणालाच विचारता येत नाही. उरलेली काही मुलीची, काही काकूंच्या वडिलांची, आणि बरीचशी ओळखीच्या कवींनी सही करून दिलेली. या शेवटच्यांकडे नंतर येते.

मग साधा हिशेब. घड्याळ लावून बघितलं, तर काकांचं कथा-कादंबरीचं वाचन तासाला तीसेक पानं पडलं. तळटिपांचा इतिहास असेल तर बारा-पंधरा. रोज एक तास आणि तीस पानं धरली तर वर्षाला ११,००० च्या आत-बाहेर पानं होतात. सरासरी अडीचशे पानांचं पुस्तक धरा, ४४ पुस्तकं. खाडे वजा केले की ३५. घरात वर्षाला नवी येणारी पुस्तकं? जुन्या पावत्या आणि पहिल्या पानावरच्या तारखा बघून काकांनीच आकडा काढला, चाळीसच्या जवळपास. म्हणजे जमा चाळीस, खर्च पस्तीस. "हे खातं कधीच बंद होणार नाही," काका म्हणाले. बँकेतल्या माणसाला हे समजवावं लागलं नाही.

'कारण' नावाचा रकाना

या प्रकरणातला माझ्या मते खरा भाग इथे आहे. यादीत नाव, लेखक, पानं असे रकाने होतेच. त्यांत एक वाढवला, 'का राहिलं'. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, दोन पानं वाचून, मगच तो भरायचा. 'वेळ मिळाला नाही' हे कारण लिहायला बंदी. वेळ काकांकडे निवृत्तीनंतर तीन वर्षं होताच.

आळस, मोबाइल, टीव्ही अशी उत्तरं भरतील असं काकूंना वाटत होतं. काकूंनी तर तसं स्वयंपाकघरातून ऐकवलंही. पण रकाना भरत गेला तशी निघालेली कारणं फारच साधी होती.

सगळ्यांत जास्त वेळा आलेलं कारण म्हणजे पुस्तक दिसतच नव्हतं. हॉलमधल्या कपाटात पुस्तकांच्या दुहेरी रांगा होत्या. मागच्या रांगेत काय आहे हे घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. संमेलनात सही घेऊन आणलेलं चितमपल्लींचं पुस्तक असं मागे गेलेलं. ते आपल्याकडे आहे हेच काका विसरले होते आणि मधल्या काळात एकदा वाचनालयातून आणायचा विचारही त्यांनी केला होता.

दुसरं कारण वजन. एक अनुवादित कादंबरी, नऊशेच्या वर पानं, पुठ्ठा बांधणी. काकूंनी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, सव्वा किलो भरली. काकांना दुपारी आडवं होऊन वाचायची सवय. सव्वा किलो छातीवर धरून कोण वाचणार? पुस्तक कंटाळवाणं आहे असा त्यांचा दहा वर्षांचा समज होता. पहिली चाळीस पानं टेबलाशी बसून वाचल्यावर तो गेला.

तिसरं, अक्षर. स्वस्त आवृत्तीत पानं वाचवायला टाइप बारीक आणि ओळी एकमेकींना चिकटलेल्या. त्यात काकांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचं आणि जवळचं एकाच भिंगात. त्यात जवळचं बघायची जागा भिंगाच्या खालच्या भागात आणि अरुंद असते. आडवं होऊन वाचताना नजर त्या जागेतून जातच नाही. मान सतत वर करून वाचायचं, मग मान दुखते, मग पुस्तक मिटतं, आणि दोष लेखकाला. शिवाय साठीनंतर बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, डोळ्याचं भिंग पिवळट होतं. विशीत पुरणारा उजेड आता पुरत नाही. घरातला दिवा होता छताच्या मधोमध, वाचणाऱ्याच्या पाठीमागे. म्हणजे पानावर स्वतःचीच सावली.

चौथं सोलापुरी कारण. वाचायची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना संध्याकाळी सहालाही तो स्लॅब तव्यासारखा धग सोडत असतो. वर्षातले निदान तीन महिने त्या खोलीत बसवतच नाही. तरी चांगली पुस्तकं तिथेच, कारण 'ती अभ्यासाची खोली'.

पुढची कारणं थोड्या-थोड्या पुस्तकांची. संचाचा पहिला खंड कुणीतरी वाचायला नेलेला, परत आलाच नाही, म्हणून दुसरा-तिसरा अनाथ. संगणकाची आणि करसल्ल्याची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पुस्तकं, ज्यांतला मजकूरच बाद झालेला. मुलीची स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं, अभ्यासक्रम बदललेला. शब्दकोश, विश्वकोशाचे खंड, पाककृती, वनौषधी. ही तर 'राहिलेली' नव्हतीच. संदर्भाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचून संपवायचं नसतं. अशी सुमारे पन्नास पुस्तकं यादीतून त्याच दिवशी वजा झाली. काकांना हे फसवणुकीसारखं वाटलं. मला नाही वाटलं. चुकीच्या खात्यावर पडलेली नोंद योग्य खात्यावर नेली, इतकंच.

आणि एक कारण लिपीचं. काकूंचं माहेर अक्कलकोटचं, वडील कन्नड शाळेत शिक्षक. त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकांत सिद्धरामांच्या वचनांचा एक संग्रह होता. ज्यांच्या नावानं गड्डा भरतो ते सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले वचनकार सिद्धराम, आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये. काका कन्नड फडाफडा बोलतात, भाजी मंडईत घासाघीसही कन्नडमधूनच; पण लिपी येत नाही. सोलापुरात असे हजारो लोक असतील. काकूंना लिपी येते, पण त्या पुस्तकाला त्यांनी वडील गेल्यापासून हात लावला नव्हता. त्यांच्या बाजूचं कारण रकान्यात लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

काय बदललं

बदल किरकोळ वाटावेत असेच आहेत. दुहेरी रांगा मोडल्या. कपाटात जेवढी एका रांगेत मावतील तेवढीच, बाकी खोक्यात, खोक्यावर यादी चिकटवून. वाचायचा चष्मा वेगळा, फक्त जवळच्या नंबरचा. खुर्चीच्या डाव्या बाजूला टेबल-लॅम्प. पुस्तकं वरच्या खोलीतून खाली. वेळ पहाटे साडेपाच ते सात. उन्हाळ्यात सोलापुरात तेवढाच काय तो माणसात असल्यासारखा वेळ.

पाण्याचा दिवस मात्र सोडून. इथे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी, पिंप, घागरी, कूलर यांच्यापुढे दुसरं काही सुचत नाही. काकांच्या जानेवारीच्या तक्त्यात पाण्याचा दिवस आणि बाकीचे दिवस सारखेच होते. नव्या नियमात पाण्याच्या दिवशी सुट्टी, अपराधी न वाटता. बाहेरगावच्या वाचकांना हे हास्यास्पद वाटेल. सोलापूरकरांना नाही वाटणार.

सव्वा किलोच्या कादंबरीचं काय केलं ते ऐकून काही पुस्तकप्रेमी माझ्याशी बोलायचे थांबतील. वह्या-रजिस्टरं बांधणाऱ्या एका बाइंडरकडून काकांनी ती तीन भागांत फोडून घेतली. प्रत्येक भागाला कापडी कणा आणि साधा पुठ्ठा. नव्या पुस्तकांत बहुधा पानं शिवलेली नसतात, कण्याला सरसासारख्या गोंदानं चिकटवलेली असतात. इथल्या कोरड्या उन्हात तो गोंद तडकतो आणि जाड पुस्तक मधोमध दुभंगतं. ही कादंबरीही चारशेव्या पानाशी दुभंगायला लागलीच होती. ग्रंथालयाच्या प्रतीला मी असा हात लावू देणार नाही. स्वतःच्या प्रतीला माणसानं जरूर लावावा. दहा वर्षं न उघडलेलं पुस्तक जूनमध्ये वाचून झालं.

खरेदीवर बंदी घालायची का, यावर घरात बरीच चर्चा झाली. बंदी नको असं काकू म्हणाल्या, कारण त्या काकांना ओळखतात. शेवटी ठरलं असं: नवं घ्यायचं ते एक संपल्यावर एक, आणि घेतलेलं आठवड्याच्या आत सुरू झालंच पाहिजे. प्रकाशनपूर्व सवलतीचे फॉर्म भरायचे नाहीत. हे शेवटचं काकांना सगळ्यांत जड गेलं. वर्षभरात त्यांनी वीसेक पुस्तकं घेतली, त्यातली नऊ नियम मोडून.

चातुर्मास आणि चार खंड

यादीतली सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे इतिहासाचा चार खंडांचा संच, दोन हजारांच्या वर पानं. रोज वीस पानांच्या हिशेबानं काकांनी तो मे महिन्यात सुरू केला आणि दहाव्या दिवशी सोडला. मोहिमेचं वर्णन ऐन रंगात येतं आणि वीस पानं संपतात. दुसऱ्या दिवशी महसूल पद्धतीवरचं प्रकरण येतं, त्याची वीस पानं तीन दिवसांत उरकत नाहीत.

तोडगा काकूंनी सांगितला. काकांचे वडील दत्त जयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह करत. "मामंजी रोज सारखे अध्याय वाचायचे का हो?" त्यांनी विचारलं. नव्हते वाचत. गुरुचरित्राच्या सप्ताहाची प्रचलित वाटणी बघा: पहिल्या दिवशी ९ व्या अध्यायापर्यंत, मग २१, २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी ५२. म्हणजे दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी फक्त तीन. कारण ३६ वा अध्याय आचारधर्माचा, लांबलचक. त्याला दिवस जास्त लागतो. ज्या कुणी ही वाटणी बसवली त्यानं ५२ ला सातानं भागलं नाही. मजकूर बघून मुक्काम ठरवले.

मोठा ग्रंथ रोजच्या रोज, माणसाच्या आवाक्यातल्या तुकड्यांत संपवायची ही रीत आपल्याकडे घरोघर आहे. चातुर्मासात ग्रंथ लावणं म्हणजे तरी दुसरं काय? आणि घरातल्या जाड पुस्तकांना मात्र आपण 'रोज वीस पानं' लावतो, याचं मला फार नवल वाटतं. (गुरुचरित्राचे नियम, सोवळं-ओवळं वगैरे इथे लावायचं नाही, हे काकांना दोनदा सांगावं लागलं, त्यांनी तरी खंड पाटावर ठेवलाच.)

दोघांनी मिळून चारही खंडांची अनुक्रमणिका पुढे घेतली आणि पेन्सिलीनं मुक्काम पाडले. लढाई संपते तिथे, सत्ता बदलते तिथे, एक माणूस गोष्टीतून जातो तिथे. कथनाचा भाग असेल तर एका दिवशी पन्नास पानं. करारांचं आणि महसुलाचं प्रकरण असेल तर नऊ पानांना एक दिवस. १७ जुलैच्या आषाढीला पहिला खंड उघडला. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे त्या दिवशी घरात फराळाशिवाय दुसरं काही नव्हतं, तेही सोयीचं झालं. खंडाला साधारण महिना, १२ नोव्हेंबरच्या कार्तिकीला समाप्ती असा बेत. दिवाळीनं आठवडाभर खाल्ला, म्हणून समाप्ती थोडी लांबली. शेवटच्या दिवशी काकूंनी शिरा केला.

इथे एक तपशील महत्त्वाचा. या चार महिन्यांत काका सकाळी संच आणि दुपारी दुसरं काहीतरी हलकं वाचत होते. एका वेळी एकच पुस्तक हा त्यांचा आग्रह सुटला तो याच काळात. तो सुटला नसता तर संचानं बाकी सगळं अडवून धरलं असतं.

ऑगस्टमधली घसरण

मध्ये एक वाकडं वळण लागलं. काका 'वाचून झालं'च्या नोंदी वहीत ठेवत आणि महिन्याची बेरीज मुलीला फोनवर सांगत. ऑगस्टची बेरीज एकदम फुगली. वही चाळली तर दिसलं की दुपारची सगळी पुस्तकं सत्तर, ऐंशी, नव्वद पानांची. कवितासंग्रह, एकांकिका, भाषणांच्या पुस्तिका. आकडा वाढावा म्हणून बारकी पुस्तकं आधी उचलली जात होती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मोजमाप पुस्तकांत ठेवलं की हात आपोआप पातळ पुस्तकाकडे जातो आणि जाड तिथेच राहतं, म्हणजे ज्या दुखण्यासाठी आलो तेच वाढतं.

सप्टेंबरपासून वहीत पुस्तकं मोजणं बंद. त्या जागी फक्त बसल्याची नोंद: तारीख आणि किती वेळ. मुलीला सांगायला आकडा उरला नाही, म्हणून काका आज काय वाचलं ते सांगायला लागले. फोन लांबले. मुलीची याला हरकत आहे असं दिसत नाही.

दिवाळी अंक

यांच्यावर फार वेळ घालवला नाही. १९०९ मध्ये 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस एका फराळात संपणार नाही एवढं वाचायला विकत घेतोय. काकांकडचे सत्तरेक अंक गेल्या बारा-तेरा वर्षांचे. वर्षाचं भविष्य, निवडणुकांचे अंदाज, त्या-त्या वेळचे वाद, सगळं शिळं. प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका बघायची, एक-दोन कथा किंवा लेख वाचायचे, नाहीतर सोडायचा. पंधरा अंक ठेवले. बाकी देऊन टाकले. नवे अंक मात्र वाचनालयाच्या योजनेतून आणायचे. अंक परत द्यायचा असतो, म्हणून वाचूनही होतो.

द्यायची कुणाला

देणं हे वाचण्यापेक्षा अवघड गेलं. रद्दीत घालायचा विषयच नव्हता. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारं हे घर. काकांची कल्पना अशी की खोकी रिक्षात घालून वाचनालयात नेऊन ठेवायची. एका ठिकाणी नेली आणि तशीच परत आणावी लागली. काका दुखावले.

यात मी वाचनालयाच्या बाजूनं बोलेन. भेट आलेलं पुस्तकही दाखल नोंदवहीत चढवावं लागतं, वर्गीकरण करावं लागतं, जागा द्यावी लागते. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, ग्रंथालयांचे अ-ब-क-ड वर्ग आहेत, तपासण्या आहेत. एकदा दाखल केलेलं पुस्तक सहज काढताही येत नाही. दहा वर्षांपूर्वीचं परीक्षा मार्गदर्शक दाखल करून कुणाचं भलं होणार? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलंच, ग्रंथ उपयोगासाठी असतात, ते देणाऱ्यालाही लागू आहे.

म्हणून खोकी नाही, यादी पाठवायची. नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष, अवस्था. घेणाऱ्याला त्यातलं हवं ते निवडू द्यायचं. बार्शीच्या वाटेवरच्या एका गावातल्या वाचनालयानं चाळीसेक कादंबऱ्या आणि चरित्रं निवडली आणि न्यायला स्वतः माणूस पाठवला. निवृत्ती समारंभात आलेल्या त्या चरित्राच्या चार प्रती एका मुलींच्या वसतिगृहात. बाद झालेली मार्गदर्शकं शेवटी रद्दीतच गेली. काकूंनी नेऊन घातली, काका त्या दिवशी फिरायला गेले होते.

पाडव्यापर्यंत

३० मार्च २०२५ च्या पाडव्याला वर्ष संपलं. ३४० पैकी पूर्ण वाचलेली ४८. सुरू करून, पन्नास-साठ पानं वाचून, ठरवून सोडलेली सत्तावीस. न वाचताच दिलेली ११८. संदर्भात गेलेली ५२. जुन्यांतली उरली ९५, आणि वर्षात घेतलेल्यांपैकी न वाचलेली नऊ.

म्हणजे कपाट हलकं झालं ते वाचण्यामुळे थोडं आणि ठरवण्यामुळे जास्त. काकांना ४८ हा आकडा कमी वाटतो. ५२ च्या तक्त्यापासून तो फक्त चारनं दूर आहे आणि त्यात दोन हजार पानांचा संच आहे, हे मी निदर्शनास आणलं. ते म्हणाले, "तरी चार कमीच की."

चितमपल्लींचं पुस्तक त्यांनी जानेवारीच्या शेवटी उचललं, पद्मश्रीची घोषणा झाली तेव्हा. मागच्या रांगेतून ते आधीच पुढे आलेलं होतं म्हणून बातमी वाचल्यावर नजर गेली. जूनमध्ये चितमपल्ली सोलापुरातच गेले. निदान आपलं त्यांचं पुस्तक वाचून झालं होतं, असं काका म्हणाले. वचनांचा संग्रह यादीत अजून 'चालू' या खुणेखाली आहे. काकू दुपारी एक-दोन वचनं वाचतात, काका ऐकतात, एखाद्या जुन्या शब्दावर दोघंही अडतात. तो संपवायची घाई दोघांनाही नाही.

उरलेल्या पंच्याण्णवांतली वीस-पंचवीस पुस्तकं मात्र कुठल्याच रकान्यात बसली नाहीत. ओळखीच्या कवींनी दिलेले संग्रह, स्वखर्चानं काढलेले, पहिल्या पानावर 'सप्रेम भेट', सही आणि तारीख. सोलापुरात ज्याला एकही कवी मित्र नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. ही पुस्तकं वाचली जात नाहीत, आणि देताही येत नाहीत. सही असलेली प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानात नेमकी त्याच कवीच्या हाती लागते. सहीचं पान फाडणं काकांना मंजूर नाही.

काकूंनी सुचवलं की प्रत्येकातली एक कविता वाचायची आणि कवीला फोन करायचा, म्हणजे ऋण फिटलं. पहिला फोन काकांनी पाडव्यानंतरच्या आठवड्यात केला. कवी फार खूश झाले, पंधरा मिनिटं बोलले, आणि मग त्यांनी विचारलं की त्या कवितेच्या पुढची कशी वाटली. तेव्हापासून काका फोन करण्याआधी चार कविता वाचतात.